हिचहायकर्स गाइडचा सिनेमा: राग नेमका कशाचा?

वैनतेय
मंडळी, डग्लस ॲडम्सच्या 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' या विनोदी विज्ञानकादंबरीवरचा २००५चा सिनेमा मी इतकी वर्षं जिद्दीने टाळला होता. परवा शेवटी पाहिला. राग आला असता तर बरं वाटलं असतं. कंटाळा आला.

नटांना नावं ठेवायला जागा नाही. मार्टिन फ्रीमनचा आर्थर डेंट, म्हणजे गोष्टीचा नायक, बिल नायचा ग्रह बनवणारा स्लार्टीबार्टफास्ट, मार्विन या उदास यंत्रमानवाला ॲलन रिकमनचा आवाज, निवेदनाला स्टीफन फ्राय. याहून चांगली माणसं कुठून आणणार? पैसाही पडद्यावर दिसतो. पृथ्वी उडते, व्होगॉन हे परग्रहावरचे नोकरशहा कविता ऐकवतात, देवमासा आभाळातून पडतो. घडतं सगळं पुस्तकासारखंच, आणि मी आपला मख्ख बसून.

एक नमुना देतो. बायपाससाठी आर्थरचं घर पाडायचंय आणि त्याचे नकाशे म्हणे वर्षभर जनतेसाठी खुले होते. पुस्तकात ते तळघरात असतात. तिथले दिवे गेलेले, जिनाही गेलेला, आणि कागद कुठे, तर बंद पडलेल्या संडासातल्या कुलूपबंद कपाटाच्या तळाशी. दारावर पाटी: बिबट्यापासून सावध. सिनेमात तळघराचा उल्लेख येतो आणि तिथेच विषय संपतो. बिबट्या नाही. अरे मग तळघर तरी कशाला ठेवलंत?

तर प्रश्न असा: दोष पटकथेचा, की हे पुस्तक सिनेमात बसणारच नव्हतं? ज्यांनी आधी सिनेमा पाहिला आणि मग पुस्तक वाचलं, त्यांचं मत विशेष हवंय.

कल्याण_स्लो
४२.

मंदार_कोथरूड
आला का लगेच! जीवन, विश्व आणि बाकी सगळ्याचं पुस्तकातलं अंतिम उत्तर! ॲडम्सच्या धाग्यावर पहिला प्रतिसाद ४२ नसला तर संपादक मंडळ धागाच उडवत असणार.

वैनतेय, बिबट्याला +१. मीही तिथेच उठलो होतो. थेटरातून नाही, सोफ्यावरून, पण उठलो.

ऋजुता
मी विरोधी पक्षात. पुस्तकाशी बेइमानी झाली म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: कुठल्या पुस्तकाशी?

मुळात हे पुस्तक नव्हतंच. ८ मार्च १९७८ला बीबीसी रेडिओ ४वर मालिका सुरू झाली. पुस्तक आलं ऑक्टोबर १९७९मध्ये. १९८१ला टीव्ही मालिका, १९८४ला कॉम्प्युटर गेम. यातलं कुठलंही एक दुसऱ्याशी जुळत नाही, आणि सगळ्यांत हात ॲडम्सचाच. रेडिओची दुसरी मालिका आणि दुसरं पुस्तक शेजारी ठेवून बघा, चुलत भावंडं म्हणायलाही जीव धजत नाही.

आता सिनेमा. ज्या गोष्टींवर चाहते सगळ्यात जास्त भडकले, म्हणजे जॉन माल्कोविचने केलेला धर्मगुरू हुमा कवुला आणि ती समोरच्याला आपली बाजू कळावी म्हणून झाडायची बंदूक, त्या ॲडम्सनेच सिनेमासाठी रचलेल्या आहेत. बाहेरच्या कुणी घुसडलेल्या नाहीत. बिचारा १९८०च्या दशकापासून या सिनेमाच्या मागे होता. आधी आयव्हन राइटमनबरोबर बोलणी झाली, ती फिसकटली आणि राइटमन 'घोस्टबस्टर्स' करायला गेला. १९९८ला डिस्नीशी करार झाला. त्यासाठी हा बिऱ्हाड उचलून कॅलिफोर्नियाला गेला, आणि ११ मे २००१ला तिथेच हृदयविकाराने गेला. वय ४९. पटकथा पुढे कॅरी कर्कपॅट्रिकने पुरी केली, ती ॲडम्सचे मसुदे आणि टिपणं समोर ठेवूनच. सिनेमाच्या शेवटी 'डग्लससाठी' असं लिहिलंय ते उगाच नाही.

वैनतेय
ऋजुता, माहिती मान्य, निष्कर्ष नाही. लेखकाने टिपणात लिहिलं म्हणजे ते चांगलंच असतं असं थोडंच आहे? हा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत खोडाखोड करणारा. रेडिओच्या वेळी पुढच्या खोलीत रेकॉर्डिंग चालू असताना मागे बसून पानं लिहायचा. त्याचा मसुदा म्हणजे त्याचं अंतिम लिखाण नव्हे. हुमा कवुलाचंच बघ. तो गॅलक्सीचा अध्यक्ष असलेल्या दोन डोक्यांच्या झेफॉडचं दुसरं डोकं ओलीस ठेवून घेतो, बंदूक आणून दे म्हणतो, आणि पुढे? काही नाही. बंदूक मिळते, वापरली जाते, डोक्याचं काय झालं ते कोणीही विचारत नाही. ॲडम्स असता तर निदान यावर एक विनोद तरी केला असता.

बेडेकरांचा_बंड्या
झेफॉड स्वतःच विचारत नाही, कारण विचार करणारं डोकं तेच होतं. (हलके घ्या.)

जुनाजाणता
धागा बघून लॉगिन केलं. १९८१ साली मी लेस्टरला शिकत होतो. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक टीव्ही, त्यावर बीबीसी २, आणि समोर स्नूकरची मॅच बघायला आलेली पोरं. ती उठून जाईनात म्हणून पहिला भाग आम्ही भांडून लावला. दुसऱ्या आठवड्यात तीच पोरं आमच्या आधी येऊन बसलेली.

त्या मालिकेचे सेट आज बघवत नाहीत. झेफॉडचं दुसरं डोकं म्हणजे खांद्यावर ठेवलेलं बुजगावणं, मान कलती करून झोपलेलं. पण 'गाइड'ची, म्हणजे गोष्टीतल्या त्या प्रवासी मार्गदर्शक पुस्तकाची पानं! पडद्यावर हिरवी-निळी अक्षरं टाइप होतात, शेजारी चित्रं हलतात, आणि वर पीटर जोन्सचा तो आवाज, विमा कंपनीचं माहितीपत्रक वाचून दाखवावं तसा. सगळ्यांना वाटलं कॉम्प्युटर ग्राफिक्स. प्रत्यक्षात रॉड लॉर्ड आणि त्याच्या माणसांनी ते सगळं हाताने काढलेलं ॲनिमेशन होतं. कॉम्प्युटरने तसं करणं तेव्हा परवडणारंच नव्हतं.

वैनतेयच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या पानांत आहे. ॲडम्सचा विनोद घटनेत नसतो, वाक्यात असतो. व्होगॉनांची जहाजं पृथ्वीवर येतात तेव्हा तो लिहितो की ती आभाळात अगदी तशी लटकत होती, जशा विटा लटकत नाहीत. आता हे दाखवा बघू. जहाजं दाखवता येतील, कितीही मोठी. 'जशा विटा लटकत नाहीत' हे कुठल्या कॅमेऱ्याने टिपणार? टीव्हीवाल्यांकडे पैसे नव्हते, म्हणून त्यांनी वाक्यं ऐकवली. सिनेमावाल्यांकडे जहाजं बांधायला पैसे होते.

मंदार_कोथरूड
काका, दंडवत. _/\_

बेडेकरांचा_बंड्या
१९८१ला आमच्या तीर्थरूपांची मुंज व्हायची होती. काका, तुम्ही आणि मार्विन साधारण एकाच बॅचचे का?

जुनाजाणता
मार्विन आमच्यापेक्षा पुष्कळ मोठा. विश्वाच्या वयाच्या कितीतरी पट. आणि त्याच्यासारखे माझेही डाव्या बाजूचे सगळे डायोड दुखतात, विशेषतः थंडीत.

गोंयकार
कोणी व्होगस्फिअरच्या, म्हणजे व्होगॉनांच्या ग्रहावरच्या रांगेबद्दल बोलतच नाही? झेफॉडबरोबर फिरणाऱ्या ट्रिलियनला सोडवायला जातात तेव्हा फॉर्म, मग दुसरा फॉर्म, मग 'ही खिडकी बंद'. पुस्तकात हा प्रसंग नाही, पण अख्ख्या सिनेमात मी सगळ्यात जास्त तिथे हसलो. आणि पोटात कळही आली. जमिनीच्या एका उताऱ्यासाठी मी एका कचेरीत (नाव नको, परत तिथेच जायचंय) असाच उभा होतो. आतला माणूस म्हणाला, तुमचा अर्ज बरोबर आहे, पण तो बरोबर आहे असा अर्ज लागेल.

आणि बारीक नजरेच्या लोकांसाठी: त्या रांगेत १९८१च्या टीव्ही मालिकेतला जुना, चौकोनी मार्विन उभा आहे. थांबवून बघा.

ऋजुता
गोंयकार, अगदी! मी तेच म्हणतेय. ती रांग लिहिणाऱ्याला ॲडम्स कळलेला होता. तीच गोष्ट त्या ग्रहावरच्या फळ्यांची. कुणाच्याही डोक्यात विचार आला की जमिनीतून फळी उसळून थोबाडात बसते. एवढ्याने व्होगॉन असे का झाले ते कळतं, एक शब्द न बोलता. काका, हा चित्रातला विनोद नाही तर काय?

जुनाजाणता
ते मात्र चांगलं आहे. मानलं. पण ऋजुताबाई, अख्ख्या सिनेमात अशा जागा किती?

स्वच्छंदी
सिनेमा आधी आणि पुस्तक नंतर, ती मी. वैनतेयने बोलावलंच आहे तर लिहिते.

कॉलेजात असताना केबलवर मध्येच कुठेतरी लागला होता. सगळी पात्रं अचानक लोकरीची होतात आणि आर्थर लोकरच ओकतो, तिथून बघायला लागले. काय चाललंय काही कळेना, पण हात रिमोटकडे गेला नाही. मग देवमासा. काही मिनिटांचं आयुष्य मिळालेला तो जीव स्वतःच्या शेपटीला नाव देतो, वाऱ्याला नाव देतो, समोरून येणाऱ्या जमिनीशी मैत्री करू म्हणतो. मी रडले होते हो त्या माशासाठी. आणि मॅग्रथीयाचा कारखाना, जिथे ग्रह बनतात! बिल नाय नव्या पृथ्वीवरून आर्थरला फिरवतो तेव्हा समुद्राला पाइपने पाणी भरताहेत, डोंगराला रंग देताहेत. ते बघताना विनोदबिनोद विसरायला होतं.

पुस्तक पुढे वाचलं. आवडलं, पण खरं सांगू? ट्रिलियनचं मला फार वाईट वाटलं. खगोलभौतिकी शिकलेली बाई, आणि काम काय तर यानाच्या पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायचं. झेफॉड मूर्खपणा करतो, ती उसासे टाकते. सिनेमात तिला निदान राग येतो, प्रश्न पडतात. तुम्हा जुन्या भक्तांना हे दिसतच नाही.

मंदार_कोथरूड
स्वच्छंदी, ट्रिलियनबद्दल सहमत, पण सिनेमाने तिला दिलं काय? प्रेमप्रकरण! आर्थरला वाटतं तिच्याशी जमावं, मग झेफॉडवर जळणं, मग 'तीच माझा प्रश्न आणि तीच उत्तर' छापाचं भाषण. पुस्तकातला आर्थर इझलिंग्टनच्या पार्टीत तिच्यावर छाप पाडायला जातो, दुसऱ्या ग्रहावरून आलेला एक माणूस तिला घेऊन जातो, संपलं. त्या अपमानात जी गंमत आहे ती सिनेमाने पुसून टाकली.

स्वच्छंदी
आर्थरच्या अपमानात गंमत आहे. ट्रिलियनच्या वाट्याला काय?

मंदार_कोथरूड
बरं, हा मुद्दा माझ्याकडे नाही.

टोपणनाव_सुचत_नाही
थोडं अवांतर. आपल्याकडचा 'फास्टर फेणे' आठवा. भा. रा. भागवतांचा बन्या म्हणजे चौकड्याचा शर्ट, सायकल, 'ट्टॉक', फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. २०१७च्या सिनेमात तो मोठा होऊन वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा घोटाळा शोधतो. अमेय वाघ चांगला, गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर फारच चांगला, पण मला सारखं वाटत होतं की हा फेणेच्या नावाचा दुसराच कोणी आहे.

गोंयकार
मला आवडलेला! आणि त्यात दिलीप प्रभावळकरांना चक्क भागवत म्हणून आणलंय. लेखकाला कथेत जागा दिली, आणखी काय हवं?

टोपणनाव_सुचत_नाही
लेखकाला जागा दिली, त्याच्या वाचकांना नाही. सिनेमागृहात मी माझ्या दहा वर्षांच्या पोरीला घेऊन गेलो होतो. तिला पुस्तकातला फेणे भेटवायचा होता. मग घरी येऊन दूरदर्शनवरच्या सुमित राघवनच्या गोष्टी सांगत बसलो.

वैनतेय
मंडळी, फुरसुंगीहून परत या, नाहीतर धागा तिथेच मुक्कामाला राहील. पण टोपणनाव, गोंयकार म्हणतात ते 'लेखकाला कथेत जागा' मला महत्त्वाचं वाटतंय.

अनाहूत
त्यावरूनच. कर्ट व्हॉनेगटच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'वर जॉर्ज रॉय हिलने १९७२ला सिनेमा केला. तेही विज्ञानकथा, विनोद आणि युद्ध यांचं असंच न जमणारं मिश्रण. व्हॉनेगटला तो सिनेमा मनापासून आवडला, त्याने तसं लिहूनही ठेवलंय. पण त्याच सुमारास त्याने असंही लिहिलंय की माझ्या पुस्तकांवरच्या सिनेमांत एक पात्र कायम गैरहजर असतं, ते म्हणजे मी.

जुनाजाणता काका वाक्यांबद्दल जे म्हणताहेत ते हेच. ॲडम्सच्या पुस्तकात आर्थर, त्याचा मित्र फोर्ड, झेफॉड ही सगळी बऱ्यापैकी पातळ माणसं. (स्वच्छंदी, फक्त ट्रिलियन नाही, सगळेच.) आपण वाचतो ते मधूनमधून कोपरखळी मारणाऱ्या त्या निवेदकासाठी. तो गेला की उरतात चार माणसं आणि एक उदास यंत्रमानव, इकडून तिकडे पळणारी.

ऋजुता
पण तो गेलेला कुठे आहे? स्टीफन फ्राय कोण मग? ॲडम्सचा जवळचा मित्र, आवाजही त्याच कुळीचा.

अनाहूत
फ्राय आहे, पण त्याला बोलू कुठे देतात? बेबल फिशचं टिपण घ्या. पिवळा मासा कानात घातला की कुठलीही भाषा कळते, एवढं सांगून निवेदन संपतं. पुस्तकात खरी मजा त्याच्या पुढे आहे. इतका उपयोगी मासा योगायोगाने निर्माण होणं शक्य नाही, म्हणजे देव आहे हे सिद्ध झालं. पण देव म्हणतो मी पुराव्यावर नाही, श्रद्धेवर जगतो. त्यामुळे पुरावा मिळाल्याबरोबर देव तर्काच्या धुरात नाहीसा होतो. आणि हे सिद्ध करणारा माणूस त्याच उत्साहात काळं म्हणजे पांढरं असंही सिद्ध करतो आणि पुढच्या झेब्रा क्रॉसिंगवर मरतो. सिनेमाने मासा ठेवला, झेब्रा क्रॉसिंग सोडलं.

कल्याण_स्लो
बिबट्या गेला, झेब्रा गेला. वनखात्याला कळवा.

बेडेकरांचा_बंड्या
हसून हसून पुरती वाट. देवमासाही पडून मेला. या सिनेमात प्राण्यांना काही भवितव्यच नाही.

स्वच्छंदी
डॉल्फिन वाचले की! अख्खं गाणं गाऊन गेले.

जुनाजाणता
वेळेचा हिशेब पण बघा. रेडिओची पहिली मालिका म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा भाग, तीन तास. तेवढ्यात जी गोष्ट होते तीच सिनेमाला १०९ मिनिटांत करायची, वर हुमा कवुला आणि प्रेमप्रकरण. मग कात्री कुठे लागणार? गोष्ट पुढे नेत नाही त्यावर. आणि ॲडम्सच्या लिखाणात गोष्ट पुढे न नेणारा भाग म्हणजेच ॲडम्स.

दुसरं असं की हॉलिवूडच्या नायकाला काहीतरी हवं असावं लागतं. पुस्तकातल्या आर्थरला काय हवं असतं? चहा. घर गेलं, ग्रह गेला, अंगावर ड्रेसिंग गाउन, आणि हा यंत्राशी चहावरून हुज्जत घालतोय. सिनेमात त्याला मुलगी हवी, धाडस हवं, आणि शेवटी पृथ्वीसुद्धा परत मिळते, दुसरी आवृत्ती का होईना. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी पृथ्वी गेलेलीच आहे आणि ही मंडळी जेवायला निघालीत. माझा राग विचाराल तर तो इथे आहे, बिबट्यावर नाही. घर परत मिळालं की ती आर्थर डेंटची गोष्टच राहत नाही.

ऋजुता
काका, हा मुद्दा मला लागला. पृथ्वी परत येते ते मलाही खटकलं होतं. बाकी मी सिनेमाच्या बाजूनेच. लोक तेव्हा अतीच तुटून पडले. ॲडम्सचं चरित्र लिहिणाऱ्या एम. जे. सिम्पसनने प्रदर्शनाआधीच पानंच्या पानं टीका लिहिली आणि पुष्कळांनी ती वाचून सिनेमा न बघताच मत बनवलं. जगभरात १० कोटी डॉलरच्या आसपास कमाई झाली, तरी दुसरा भाग कोणी काढला नाही. तो निघाला असता तर हुमा कवुलाकडचं डोकं कदाचित परत आलं असतं.

मंदार_कोथरूड
म्हणजे डोकं गेलं ते चाहत्यांमुळे. घ्या.

झुरळ_पकडणारी
सगळा धागा वाचून काढला, आता कामाला उशीर. मी यातलं काहीच वाचलं-पाहिलं नाही. सुरुवात कुठून करू ते एका ओळीत सांगा.

कल्याण_स्लो
४२व्या पानापासून.

वैनतेय
पुस्तकापासून. पहिलं. एका बैठकीत होतं.

ऋजुता
सिनेमापासून, म्हणजे अपेक्षाभंगाला जागाच नाही. मग पुस्तक बोनस.

जुनाजाणता
रेडिओ. पहिली मालिका, हेडफोन लावून, रात्री. आर्थर डेंट म्हणजे सायमन जोन्स, हे एकदा कानात बसलं की बाकी सगळे पाहुणे. सिनेमावाल्यांनाही ते ठाऊक होतं, म्हणून मॅग्रथीयावर पाहुण्यांना हाकलणारा तो चेहरा त्यांनी जोन्सचाच घेतलाय.

२००४-०५मध्ये डर्क मॅग्जने उरलेल्या पुस्तकांच्या रेडिओ मालिका केल्या, त्याही ऐका. त्यात ॲग्राजॅगचा आवाज खुद्द ॲडम्सचा आहे. आधीच्या एका वाचनाचं रेकॉर्डिंग वापरलंय. आर्थरच्या हातून प्रत्येक जन्मी मरणारा तो जीव, आणि आवाज लेखकाचा, तोही तो गेल्यावर ऐकायचा.

अनाहूत
हे माहीत नव्हतं. आजच शोधतो.

वैनतेय
काका, मग मीही रेडिओच धरतो. सिनेमा घरच्यांबरोबर परत एकदा लावून बघेन म्हणतो, गोंयकारांच्या रांगेसाठी आणि स्वच्छंदीच्या माशासाठी. अर्ध्यात उठलो तर इथे कळवेनच.

जुनाजाणता
रेडिओची दुसरी मालिका ऐकताना मात्र पुस्तकाशी जुळवत बसू नका, डोकं फिरेल. तिथे एक ग्रह आहे, जिथे बुटांची दुकानं इतकी वाढतात की दुसरं काही विकणं परवडेनासं होतं, सगळी अर्थव्यवस्था कोसळते, आणि वाचलेली माणसं जमिनीवर पाय ठेवायचाच नाही म्हणून पक्षी होतात.

झुरळ_पकडणारी
आमच्या लक्ष्मी रोडचं पुढे हेच होणार. ठरलं, रेडिओ.